एका जुन्या कॉर्नेटचा जीर्णोद्धार



महोत्सवाची चाहूल लागली कीं आपल्याकडे बॅंडची आठवण होते. परंतु नव्या ट्रंपेटची किंमत ऐकली म्हणजे गरीब घरचा होतकरू मुलगा निमूटपणें मागें सरतो. अशा मुलांच्या आईबापांसाठीं एका जुन्या वाद्याचा इतिहास आम्ही येथें सादर करीत आहों.

अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहरीं ता. ४ ऑगस्ट १९०१ रोजीं लुई आर्मस्ट्रॉंग जन्मला व ता. २५ रोजीं तेथील येशूच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्यें त्याचा बाप्तिस्मा झाला. तो स्वतः आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगत असे. १९७१ सालीं तो निवर्तल्यावर कांहीं वर्षांनीं ह्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवरूनच खरी तारीख उजेडांत आली.

घरीं अठराविश्वे दारिद्र्य होतें. लिथुआनियाहून आलेल्या कार्नोफ्स्की नामक यहुदी कुटुंबाच्या गाडीवर तो मोडतोड गोळा करी, कोळसा विकी आणि गिऱ्हाइकांस बोलावण्यासाठीं पत्र्याचें शिंग फुंकी. एके दिवशीं गहाणवटीच्या दुकानांत त्याला एक जुनें कॉर्नेट दिसलें. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचेंच आखूड बांध्याचें भावंड. किंमत ५ डॉलर. धन्यानें मजुरीपोटीं आगाऊ रक्कम दिली, मुलानें दर आठवड्यास अर्धा डॉलर बाजूस टाकला, आणि कॉर्नेट घरीं आलें. तें अतिशय मळलेलें होतें. कार्नोफ्स्कींच्या मुलानें तें पितळेच्या पॉलिशनें घासलें व आंतून तेल घातलें, असें आर्मस्ट्रॉंगनें १९६९ सालीं कृतज्ञतेनें लिहून ठेविलें आहे.

पुढें १९१२ सालच्या शेवटच्या रात्रीं पिस्तुलाचा बार काढल्यामुळें त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहांत झाली. तेथील शिक्षक पीटर डेव्हिस ह्यांनीं त्याच्या हातीं बिगुल दिलें, तेंही कळकून हिरवें झालेलें. मुलानें प्रथम तें घासून लखलखीत केलें. त्यानंतर त्याला कॉर्नेट मिळालें, आणि पुढें त्याचें वादन जगभर ऐकूं गेलें. आमच्या गोव्यांतील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे मुंबईंत ट्रंपेट वाजवूं लागले, तेव्हां लोकांनीं त्यांस गौरवानें आर्मस्ट्रॉंगचेंच नांव दिलें.

सुज्ञ वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मळ निराळा व मोड निराळी. पितळ म्हणजे तांबें व जस्त. त्यावरील हिरवी कळक पुसली जाते, पोचे कारागीर काढतो, पाणी सोडण्याच्या चावीचें बूच अल्प खर्चांत बदलतें. परंतु नळीवर लालसर ठिपके उठून धातु आंतून खात आला असेल तर तो घासून सुधारत नाहीं. वाद्याचा प्राण पिस्टनमध्यें असतो. आजच्या ट्रंपेटमधील पिस्टनची रचना पॅरिसच्या पेरिने ह्यांनीं १८३९ सालीं रूढ केली. पिस्टन न दाबतां त्याची बाजूची नळी हळूच थोडी ओढावी व मग पिस्टन दाबावा. ‘टप्प’ असा आवाज आला तर हवा धरली जाते असें समजावें. न आला तर स्वस्त वाद्यही अखेरीस महाग पडतें.

विकत घेतल्यावर पिस्टन काढून ठेवून नळ्या कोमट साबणपाण्यानें व लांब ब्रशानें धुवाव्या. फेल्टच्या चकत्या भिजूं देऊं नयेत. प्रत्येक पिस्टन आपापल्या घरांतच परत घालावा, त्यास पिस्टनचें तेल व सरकत्या नळ्यांस ग्रीस द्यावें. मुखनळी अडकल्यास पकडीनें ओढूं नये; कारागिराकडे न्यावें.

आपल्या घरीं पोटमाळ्यावर एखादें वाद्य धूळ खात असेल तर तें मोडींत देण्यापूर्वी आम्हांस दाखवावें. आणि ज्यांस शक्य असेल त्यांनीं कार्नोफ्स्कींप्रमाणें एखाद्या मुलास थोडी रक्कम उसनी द्यावी. त्याच्याबरोबर बसून तें वाद्य घासावेंही.