सौरघटातील अडत्या

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रसायनांच्या कारखान्यांशेजारी वाढलेल्या ऐरोलीला रंग ही वस्तू अपरिचित नाही. कापड रंगविणारे रंजक उन्हापासून वीजही निर्माण करू शकते. या विद्येचा इतिहास उद्बोधक आहे. कारण तिची खरी अडचण रंगापेक्षा एका मध्यस्थात होती.

१९९१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ब्रायन ओरेगन व मिखाएल ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांच्या थरावर रंजक चढवून सुमारे ७ टक्के कार्यक्षमतेचा घट सिद्ध केला. ऊन पडताच रंजक आपला इलेक्ट्रॉन या थराला देते. तो बाहेरच्या तारेतून काम करीत दुसऱ्या टोकाला पोचतो. पण रिते झालेले रंजक भरावयाचे कोणी? ते काम विद्रावातील आयोडीनचे. दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन घ्यावयाचा आणि रंजकाला आणून द्यावयाचा, अशी त्याची अखंड येरझार.

आयोडीन कामाला चोख खरे, पण त्याची अडत फार! अडत वाढली की शेतकऱ्याच्या पदरी कमी पडे. तसा विद्युद्दाबाचा मोठा वाटा या देवघेवीतच खर्ची पडे. शिवाय ते चांदीसारखे धातू खाई, आणि स्वतः रंगीत असल्याने थोडा प्रकाशही अडवी. त्यामुळे कार्यक्षमता ११ टक्क्यांच्या आसपास अडून राहिली.

मग कोबाल्टची संयुगे का वापरू नयेत? वापरली, तर थरातील इलेक्ट्रॉन परस्पर त्यांच्याकडेच पळू लागले. २०१० साली स्वीडनमधील उप्साला येथे हागफेल्ट व बॉशलू यांच्या गटाने विस्तृत फांद्यांच्या रेणूचे रंजक वापरले. फांद्यांनीच कुंपणाचे काम केले. दुसऱ्याच वर्षी ग्रेट्झेल व सहकाऱ्यांनी कोबाल्टच्या साह्याने १२.३ टक्के गाठले. २०१७ साली मरीना फ्रायटाग व सहकाऱ्यांनी तांब्याची संयुगे योजिली. आयोडीनच्या घटाचा दाब साधारण ०.७ व्होल्ट; येथे तो १.१ झाला. उन्हात कार्यक्षमता ११.३ टक्केच होती. परंतु १००० लक्सच्या दिव्याखाली ती २८.९ टक्क्यांवर गेली.

छपरावरच्या उन्हात सिलिकॉनचे घट सरस आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ऐरोलीच्या कचेऱ्यांत भरदिवसाही दिवे जळतात. तेथील लहानसहान यंत्रांना त्या उजेडाचीच वीज पुरविता येईल. नवे रंजक शोधणाऱ्यांचे कौतुक होतेच. या घटाला मात्र नवी वाट दाखविली, ती अडत कमी घेणाऱ्या मध्यस्थाने.