सांझी (कागदी जाळीकाम)

कागद कातरून केलेल्या जाळ्यांची मथुरा-वृंदावन परिसरातील मंदिरकला. पितृपक्षात, म्हणजे आपल्या भाद्रपद वद्यात, मातीच्या अष्टकोनी ओट्यावर जाळ्या ठेवून त्यांवरून कोरडे रंग चाळतात. एका चित्राला एक जाळी पुरत नाही; रंगागणिक वेगळी लागते आणि प्रत्येक जाळी आधीच्या थरावर नेमकी बसावी लागते. विषय कदंब, मोर, गाई, यमुनेच्या लाटा. भोवती भौमितिक किनार. खरे कौशल्य कातरण्यापेक्षा मधल्या जोडपट्ट्या राखण्यात आहे: एक तुटली की मोराची मानच गळते. पाण्यावरही सांझी रेखाटतात. जाळ्यांसाठी हातकागदही वापरतात. झाशीजवळ ओरछ्याच्या ताराग्राम केंद्रात तो सुती चिंध्यांपासून बनतो; महाराष्ट्रात या धंद्याचे जुने ठिकाण म्हणजे पुण्याची हातकागद संस्था (स्थापना १९४०).