विल्यम फ्रांत्स प्राथमिक शाळा

विल्यम फ्रांत्स प्राथमिक शाळा ही अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरातील एक सार्वजनिक शाळा होती. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांच्या रुबी ब्रिजेस या कृष्णवर्णीय मुलीने येथे प्रवेश घेतला. त्यामुळे ही शाळा वांशिक एकीकरणाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

== प्रवेश चाचणी ==

१९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवले. न्यायाधीश जे. स्केली राइट यांच्या आदेशानुसार १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये पहिलीपासून एकीकरण सुरू झाले. मात्र गोऱ्यांच्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांसाठी चाचणी ठेवण्यात आली. त्यांची संख्या मर्यादित राहावी म्हणून ती मुद्दाम अवघड केल्याचे सांगितले जाते. मोजकीच मुले निवडली गेली. त्यांपैकी तिघी मॅकडोनो क्रमांक १९ या शाळेत गेल्या, तर फ्रांत्स शाळेत ब्रिजेस एकटीच दाखल झाली.

== विद्यार्थी ==

तोपर्यंत शाळेतील सर्व विद्यार्थी गोरे होते. ब्रिजेसच्या प्रवेशानंतर बहुतेक गोऱ्या पालकांनी मुलांना शाळेतून काढले व पटसंख्या झपाट्याने घसरली. बॉस्टनहून आलेल्या शिक्षिका बार्बरा हेन्री यांनी वर्षभर तिला एकटीलाच शिकवले. पुढील दशकांत गोरी कुटुंबे परिसर सोडून गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस शाळेतील जवळजवळ सर्व विद्यार्थी कृष्णवर्णीय आणि बहुतांश अल्प उत्पन्न गटातील होते.

== चाचण्या व मूल्यमापन ==

२००० पासून लुईझियानात चौथी व आठवीच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गात जाण्यासाठी 'लीप' ही राज्यस्तरीय चाचणी उत्तीर्ण होणे आवश्यक झाले. चाचण्यांच्या निकालांवरून शाळांनाही गुणांक दिला जाऊ लागला. २००२ मध्ये अमलात आलेल्या संघराज्य कायद्याने तिसरी ते आठवीच्या वर्गांसाठी वाचन व गणिताच्या वार्षिक चाचण्या सक्तीच्या केल्या. त्यांचे निकाल वंश, उत्पन्न, भाषा व अपंगत्व यांनुसार स्वतंत्रपणे जाहीर करणे बंधनकारक झाले. त्यामुळे सरासरीत झाकली जाणारी तफावत दिसू लागली. तथापि अशा गुणांकात अध्यापनाबरोबरच कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचाही प्रभाव उमटतो. १९६६ च्या कोलमन अहवालाने या प्रभावाकडे लक्ष वेधले होते.

== चक्रीवादळानंतर ==

ऑगस्ट २००५ मधील कत्रिना चक्रीवादळात इमारतीचे मोठे नुकसान झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने शाळा ताब्यात घेण्याची गुणांक-मर्यादा न्यू ऑर्लिन्ससाठी ६० वरून राज्याच्या सरासरीइतकी, म्हणजे ८७.४, केली. परिणामी शहरातील शंभरहून अधिक शाळा राज्याच्या 'रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट'कडे गेल्या व त्यांतील अनेक पुढे चार्टर शाळा झाल्या. २०१८ मध्ये या शाळा पुन्हा स्थानिक मंडळाच्या देखरेखीखाली आल्या.

फ्रांत्स शाळेच्या इमारतीचा २००५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत समावेश झाला. दुरुस्तीनंतर तेथे आकिली अकॅडमी ही चार्टर शाळा सुरू झाली. तिचे विद्यार्थीही प्रामुख्याने कृष्णवर्णीय आहेत. शाळेच्या आवारात ब्रिजेस यांचा पुतळा आहे.