कडक म्हणजे हिटलर नव्हे

स्नेहमेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना फोटो आला. मैदानावर शिट्टी घेऊन उभे असलेले आपले पीटीचे सर. कोणीतरी मोबाइलवर त्यांना छोटी चौकोनी मिशी काढली होती आणि खाली लिहिलं होतं, 'आपला हिटलर'. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यातला एक माझाही होता. शाळेत असताना सरांच्या पाठीमागे आपण सगळेच त्यांना याच नावानं ओळखायचो.

माझी नववीतली मुलगी शेजारी बसली होती. फोटो बघून म्हणाली, "म्हणजे हे सर खूप स्ट्रिक्ट होते का?"

मी 'हो' म्हणाले आणि मग अडखळले. हिटलर नावाचा कोणी माणूस होऊन गेला हे तिला माहीत होतं, पण त्या नावाचा अर्थ तिच्या लेखी 'कडक' एवढाच होता. खरं सांगायचं तर चाळिशी ओलांडली तरी माझ्या लेखीही फार वेगळा नव्हता.

मी इतिहासाची अभ्यासक नाही. दहावीनंतर सायन्स, मग इंजिनिअरिंग, मग सॉफ्टवेअरची नोकरी. इतिहासाचा शेवटचा पेपर पंधराव्या वर्षी दिला. 'दुसऱ्या महायुद्धाची कारणे लिहा' याचं उत्तर मात्र अजून पाठ आहे: व्हर्सायचा अन्यायकारक तह, आर्थिक मंदी, हुकूमशहांचा उदय, राष्ट्रसंघाचे अपयश, पोलंडवरील आक्रमण. मुद्दे लिहायचे, त्यांखाली पट्टीनं रेघ मारायची, गुण मिळवायचे. त्या उत्तरात तह होते, देश होते, सनावळ्या होत्या. माणूस एकही नव्हता. सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात पंधरा लाखांच्या आसपास मुलं होती, हे मी त्या वेळी कुठेच लिहिलं नाही. यात बाईंचा दोष नाही. भरलेला वर्ग आणि परीक्षेआधी संपवायचा पोर्शन, यात त्या तरी काय करणार?

पण माणसं वगळली की नाव पोकळ होतं, आणि पोकळ नाव कुठेही चिकटवता येतं. ऑगस्ट २००६ मध्ये खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचं रेस्टॉरंट उघडलं, ते काही जणांना आठवत असेल. आत हिटलरचं मोठं पोस्टर आणि नाझींचं स्वस्तिक. लोकांच्या लक्षात राहील असं वेगळं नाव हवं होतं, असं मालकाचं म्हणणं होतं. मुंबईतल्या ज्यू समाजानं विरोध केला, जगभर बातम्या झाल्या आणि आठवड्याभरात नाव बदलायचं ठरलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या बाजारात 'नाझी कलेक्शन' नावाच्या चादरी आल्या. त्यावर ओरड झाली तेव्हा 'नाझी' ही इंग्रजी अक्षरं म्हणजे 'न्यू अरायव्हल झोन' वगैरे शब्दांचं लघुरूप असल्याचा खुलासा झाला. २०११ मध्ये टीव्हीवर 'हिटलर दीदी' मालिका आली. यापैकी कोणाला ज्यूंचा द्वेष होता असं मला वाटत नाही. खारघरची बातमी वाचून मीसुद्धा 'काय नाव शोधलंय' म्हणून हसले होते. तेव्हा मी नोकरी करणारी इंजिनिअर होते, अडाणी नव्हते.

फोटोच्या त्या संध्याकाळनंतर मी वाचायला लागले. एक गोष्ट माझ्या धंद्यातलीच निघाली. नाझी जर्मनीत जनगणनेची माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवून यंत्रानं मोजत असत. आजच्या डेटाबेसची ही आजीच. १९३९ च्या जनगणनेत एक जादा कार्ड भरून घेतलं गेलं: तुमच्या चार आजी-आजोबांपैकी कोण वंशानं ज्यू आहे? फॉर्ममध्ये एखादा नवा रकाना घाला, असं ऑफिसात मला आठवड्यातून दोनदा सांगितलं जातं. मी तो घालते आणि चहाला जाते. त्या रकान्यात काय लिहिलं यावरून माणसाचं काय होणार आहे, हा प्रश्न मला वीस वर्षांत सुचला नव्हता.

दुसरी गोष्ट शाळेची. कत्तल एका दिवसात सुरू झाली नाही. १९३३ मध्ये ज्यू शिक्षकांना सरकारी नोकरीतून काढलं. १९३५ मध्ये ज्यूंचं नागरिकत्व गेलं. १५ नोव्हेंबर १९३८ रोजी जर्मन शाळांत उरलेल्या ज्यू मुलांना घरी पाठवण्याचा हुकूम निघाला. काल बाकावर शेजारी बसलेली मैत्रीण आज नाही, आणि वर्ग पुढे चालू. या मेळाव्यासाठी आपण हजेरीपटावरचं एकेक नाव शोधत होतो. कोण दुबईला, कोण विरारला, कोण या जगात नाही. हे करताना ते वर्ग माझ्या डोक्यातून जात नव्हते.

'आपला काय संबंध? ते युरोपचं दुखणं,' असं आपल्याकडे म्हटलं जातं. लोकलच्या डब्यात 'या देशाला एक हिटलरच पाहिजे' हे वाक्यही आपण ऐकतो. इंग्रजांचा शत्रू म्हणून आपला मित्र, असाही एक हिशोब असतो. तो चुकीचा आहे. भारत दुसऱ्या कोणापेक्षा इंग्रजांच्या ताब्यात असलेला बरा, असं हिटलरनं स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं, आणि आपल्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांची तिथेच टिंगल केली होती.

आणि संबंध म्हणाल तर आपल्या दारात आहे. पूनम सागरहून घोडबंदर रस्त्यानं ठाण्याला गेलं की टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. बेने इस्राएली लोक शेकडो वर्षं कोकणात राहिले. अलिबागजवळ नवगावला त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घरात मराठी, आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर. बायबलातल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं रचली. हिटलरच्या त्या कार्डावर यातल्या एकाचीही सुटका नव्हती. खारघरच्या पाटीनं जे दुखावले, ते आपलीच भाषा बोलणारे शेजारी होते.

आकाशवाणीची सकाळची धून आपल्यापैकी बऱ्याच घरांत वाजायची. ती वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची मानली जाते. हिटलर सत्तेवर आला त्याच्या पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, कॉफमन प्रागहून मुंबईला आले होते.

आणखी एक नाव. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. माणगाव तालुक्यातलाच हा मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत हिटलरच्या सैन्याशी लढताना त्याच्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले. तो एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला, ती बंद पाडली आणि तिथेच मारला गेला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दर वर्षी गावी जाताना आमची गाडी माणगावच्या कोंडीत अडकायची, आणि आम्ही वडापाव खात बसायचो. ज्याच्याशी लढताना हा मुलगा गेला, त्याचं नाव आपण हॉटेलला दिलं.

स्वस्तिकाबद्दल एक शब्द. उंबऱ्यावर, चोपडीवर काढतो ते स्वस्तिक आपलंच आहे, आणि ते काढायला कोणाची परवानगी नको. नाझींनी घेतलं ते तिरकं, काळं, लाल कापडावरच्या पांढऱ्या वर्तुळातलं. पण हिटलरच्या फोटोशेजारी ते टांगलं की आपण आपल्याच हातानं ते त्याच्या हवाली करतो.

पुन्हा सरांकडे येते. नखं वाढलेली दिसली की छडी, बूट मळलेले दिसले की मैदानाला फेरी. कडक होतेच ते. पण एका पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचलं, रिक्षा बंद झाल्या, तेव्हा आम्हा सहा-सात मुलींना पूनम सागरच्या फाटकापर्यंत पोचवून तेच पाण्यातून एकटे परत गेले होते. सर, हा अंक तुमच्या हातात पडेल. ते नाव ठेवणाऱ्यांत मी होते. तुम्हाला ते कळलं होतं की नाही कोण जाणे, पण माफी मागायची राहून गेली होती.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर अजून चर्चा चालू आहे. पंखे आणि वॉटर कूलर द्यावेतच. त्यासोबत दहावीच्या प्रत्येक तुकडीला ॲन फ्रँकच्या डायरीच्या दोन मराठी प्रती द्याव्यात, अशी माझी सूचना आहे. छळछावणीत ती गेली तेव्हा पंधरा वर्षांची होती, म्हणजे आपल्या दहावीच्या वयाची. 'कारणे लिहा'च्या उत्तरात तेवढं एक तरी माणूस येईल.

ग्रुपवरचा तो फोटो ज्यानं टाकला, त्यानंच नंतर काढून टाकला. आमच्या घरी आता कडक माणसाला कडकच म्हणतात. मुलीच्या मते त्यात पहिला नंबर माझा आहे.