फिरत्या घरांतील बॅटरी

इ. स. १८८५ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांतील ट्वायफर्ड गांवाहून एक चमत्कारिक गाडी उत्तरेस निघाली. दोन घोडे जोडलेली, आंत निजावयाची व स्वयंपाकाची सोय असलेली ही गाडी म्हणजे चाकांवरचें घरच होतें. मालक होते डॉ. गॉर्डन स्टेबल्स, आरमारांतील निवृत्त शल्यवैद्य आणि मुलांसाठीं साहसकथा लिहिणारे लेखक. ब्रिस्टलच्या कारखान्यांत मुद्दाम बांधवून घेतलेल्या या गाडीचें नांव त्यांनीं 'वाँडरर', म्हणजे भटक्या, असें ठेविलें होतें. तिचें वजन सुमारें दोन टन. स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत ती सुखरूप पोहोंचली, आणि पोटासाठीं नव्हे तर हौसेसाठीं घर बरोबर घेऊन हिंडण्याचा प्रघात लोक याच प्रवासापासून मोजूं लागले.

त्या गाडींत विजेचा संबंधच नव्हता. पण ज्या वस्तूवर पुढें अशा घरांचा सारा संसार चालावयाचा होता, ती जन्मास येऊन तेव्हां पंचविसांहून अधिक वर्षें झालीं होतीं. १८५९ सालीं गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे दोन पत्रे, मध्यें कापड घालून, गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लांत बुडविले. पुनःपुन्हां भरतां येणारी ती पहिली बॅटरी. १८८१ त कामीय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची युक्ति काढली. तेव्हां कोठें तिचे कारखाने निघाले. १९१२ सालीं चार्ल्स केटरिंगच्या खटपटीनें कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला, आणि शिशाच्या बॅटरीस मोटारींत कायमची जागा मिळाली.

परंतु मोटार सुरू करणें निराळें आणि घर चालविणें निराळें. इंजिनास हिसका देण्यास क्षणभर प्रचंड प्रवाह लागतो. मग इंजिन तो लगेच भरून देतें. फिरत्या घरांत मात्र दिवे, पाण्याचा पंप, शीतपेटी यांस रात्रभर थोडी थोडी वीज पुरवावी लागते. शिशास हें मानवत नाहीं. बॅटरी वारंवार निम्म्याखालीं उतरली, किंवा अर्धवट भरलेल्या स्थितींत पडून राहिली, कीं पत्र्यांवर सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची शक्ति जाते. म्हणून १०० अँपियर-तासांची बॅटरी घेतली तरी हिशेबांत ५० च धरावयाचे. ओझें मात्र पुऱ्या शंभरांचें, म्हणजे २५ ते ३० किलो, वाहावयाचें. पुढें जाड पत्र्यांच्या बॅटऱ्या आल्या, आम्ल लपकेदार करून भरलेल्या जेलच्या आल्या. पण शिसें तें शिसेंच.

हें ओझें क्षुल्लक नव्हे. ब्रिटनमध्यें १ जानेवारी १९९७ पासून परीक्षा उतरणाऱ्यांच्या साध्या मोटारपरवान्यास ३,५०० किलोंची मर्यादा पडली. पलंग, चूल, संडास, गॅसची टाकी हें सारें त्या मर्यादेंत बसवितांना पाण्याची टाकी भरून घ्यावी कीं नातवाची सायकल घ्यावी, असा पेंच वृद्ध दांपत्यांस पडूं लागला. अशा घरांत बॅटरीच्या वजनांतील चाळीस किलोंची बचत म्हणजे मोठीच चैन.

लिथियम हा सर्वांत हलका धातु. १९७० नंतरच्या दशकांत एक्सॉन कंपनींत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनीं त्याची पुन्हां भरतां येणारी बॅटरी केली. १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफ यांनीं कोबाल्ट ऑक्साइडाची जोड देऊन तिचा दाब वाढविला. १९८५ सालीं जपानांत अकिरा योशिनो यांनीं तिला सुरक्षित रूप दिलें, आणि १९९१ त सोनी कंपनीनें ती बाजारांत आणली. या तिघांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तरीहि कोबाल्टची ही जात स्वभावानें तापट. जानेवारी २०१३ मध्यें बोइंग ७८७ विमानांतील अशाच बॅटऱ्या पेटल्या-धुमसल्या, आणि त्या जातीचीं सारीं विमानें कित्येक आठवडे जमिनीवर उभीं राहिलीं. असली वस्तु निजलेल्या माणसाच्या बिछान्याखालीं ठेवावी काय, असें लोक विचारूं लागले. त्यांचें काय चुकलें?

उत्तर त्यापूर्वींच तयार होतें. १९९७ सालीं टेक्सास विद्यापीठांतून गुडइनफ यांनीं पाढी व नंजुंडस्वामी या सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत कोबाल्टच्या जागीं लोखंडाचें फॉस्फेट वापरलें होतें. फॉस्फेटांतील प्राणवायु इतका घट्ट बांधलेला असतो कीं घट तापला तरी तो सहजासहजीं सुटत नाहीं. म्हणून आगीचें भय पुष्कळच कमी. हा पदार्थ वीज मात्र नीट वाहूं देत नसे. त्याचे अतिसूक्ष्म कण करून त्यांस कार्बनाचा लेप दिल्यावर ती खोड गेली.

आतां थोडी बेरीज. शिशाच्या एका घटाचा दाब सुमारें २ व्होल्ट. सहा घटांचे १२. कोबाल्टच्या घटाचा ३.७, असे तीन घेतले तर ११.१, चार घेतले तर १४.८. मोटारीच्या मापांत दोन्ही बसत नाहींत. लोह-फॉस्फेटाच्या घटाचा दाब ३.२, चार घटांचे १२.८. हा निव्वळ योगायोग! निसर्गानें हा आंकडा थोडा वेगळा दिला असता, तर जगांतील लक्षावधि गाड्यांच्या तारा, दिवे नि पंप बदलावे लागले असते.

याच योगायोगांतून 'ड्रॉप-इन' हा शब्द निघाला: जुन्या पेटीएवढीच पेटी, तसेच दोन खुंट, जुनी काढा, नवी ठेवा. पेटीच्या आंत एक विद्युत्-रखवालदार असतो. दाब, प्रवाह किंवा उष्णता मर्यादेबाहेर गेली कीं तो वाट बंद करतो. वजन १२ किलोंच्या आसपास, जवळजवळ सारी वीज वापरण्याजोगी, आणि आयुष्य शिशाच्या कित्येक पट. पण हा शब्द विक्रेत्याचा आहे, हें विसरूं नये. पेटी जागेवर बसते. गाडी मात्र ती जुन्या स्वभावाचीच समजून वागते.

शिशाची बॅटरी भरत येतांना आपण होऊन प्रवाह कमी घेते. लिथियमची तसें करीत नाहीं; जवळजवळ भरेपर्यंत मिळेल तेवढी ओढते. इंजिन मंद चालत असलें, म्हणजे आल्टरनेटरचा पंखाहि मंद फिरतो, आणि तो तापून जळूं शकतो. उलट भरधांव गाडींत रखवालदारानें एकदम वाट तोडली, तर दाब उसळून आल्टरनेटरचे डायोड जातात. जुन्या गाड्यांतून दोन बॅटऱ्या जोडणारा रिले दाब पाहून सुटतो. लिथियमची बॅटरी नुसती पडून असतांहि १३.३ च्या आसपास दाखविते, त्यामुळें तो रिले सुटतच नाहीं. म्हणून मध्यें प्रवाह बेतानें सोडणारा डी. सी. चार्जर बसवावा लागतो. त्याची किंमत बॅटरीच्या किंमतींत धरूनच व्यवहार करावा. व्होल्टमीटरावर विसंबण्यांतहि अर्थ नाहीं, कारण शेवटच्या घटकेपर्यंत दाब जवळजवळ सारखाच राहतो. येणारी-जाणारी वीज मोजणारें यंत्रच हवें.

सर्वांत मोठा धोका थंडीचा. शून्य अंशाखालीं भरूं गेल्यास लिथियम ग्रॅफाइटमध्यें न शिरतां त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपानें बसतो, आणि घट कायमचा बिघडतो. वापरण्यास हरकत नाहीं, भरण्यास आहे. नॉर्वेकडे हिंवाळ्यांत जाणाऱ्यानें थंडींत भरणें आपोआप थांबविणारा रखवालदार आहे काय, हें विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत. बॅटरी गाडीच्या बाहेरच्या खणांत राहणार असेल तर आंत तापविण्याची सोय असलेलीच घ्यावी. इतर प्रश्न लहान आहेत: एका वेळीं किती अँपियर देते, चार्जर १४.४ व्होल्टांच्या आसपास थांबतो काय, शिशासाठीं ठेवलेला १५ व्होल्टांवरचा उपचार बंद करतां येतो काय.

जो सदां विजेची जोडणी असलेल्या तळावरच उतरतो, त्यास मात्र या खर्चाची गरज नाहीं. साधी शिशाची बॅटरी त्याचें काम निमूटपणें करील. आणि ज्यानें लिथियम घेतली, त्याच्याहि इंजिनाजवळ गाडी सुरू करण्यासाठीं बहुधा प्लांतेच्या कुळांतलीच एक जड पेटी बसलेली असते.