धाराशिव जिल्ह्यांतील ‘इंग्लिश स्कूल’ : एका नांवाचा विचार

भूम तालुक्यांतील ईट येथून पश्चिमेस गेलें कीं कांहीं कोसांवर खर्डें लागतें. मार्च १७९५ मध्यें मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला तें हेंच खर्डें. पुढें इंग्रजी अमदानींत तें अहमदनगर जिल्ह्यांत राहिलें व ईटचा मुलूख निजामाच्या राज्यांत. ही राज्यांची सीमा शाळांचीही सीमा होती, ही गोष्ट मात्र लढाईच्या गजरांत ऐकूं येत नाहीं.

‘इंग्लिश स्कूल’ म्हणजे इंग्रजी माध्यमाची शाळा, असा अर्थ हल्लीं सहज घेतला जातो. तो आम्हांस सर्वत्र ग्राह्य वाटत नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनीं नामजोशींच्या साह्यानें १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पुढें वामन शिवराम आपटे व आगरकर येऊन मिळाले. (ज्यांचा १८९० चा संस्कृत कोश आम्ही जन्मभर चाळला ते हेच आपटे.) तेथें वरच्या वर्गांत इंग्रजीच चाले, हें खरें; पण शाळा सरकारची नव्हे, मिशनऱ्यांची नव्हे, हें त्या नांवाचें तेज होतें. तेंच नांव पुढें गांवोगांव पसरलें.

सीमेच्या पूर्वेस प्रश्न निराळा होता. निजामी राज्यांत सरकारी माध्यमिक शिक्षण बहुतांशीं उर्दूंतून असे. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्याचेंही माध्यम उर्दूच. इंग्रजी तेथें एक सक्तीचा विषय. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. परंतु ईटकडील मराठी मुलास ती देशी भाषाही परकीच होती.

याच जिल्ह्यांत हिप्परगा येथें १९२१ सालीं, असहकारितेच्या लाटेंत, व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनीं राष्ट्रीय शाळा काढली. १९२९ सालीं व्यंकटेश खेडगीकर तेथें आले. हिप्परग्यासच संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ सालीं ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंत गेले, व हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे पुढारी अखेर एका शिक्षकांतूनच निघाले.

सप्टेंबर १९४८ नंतर उर्दूचा अंमल सरला. आतां या भागांत ‘न्यू इंग्लिश स्कूल’ अशा पाटीखालीं मराठींतून वर्ग चालतात, त्याचें मूळ हें असें आहे. निजामी काळचीं दाखलपुस्तकें उर्दूंत व फसली सनांत लिहिलेलीं असत. तीं वाचूं शकणारे वृद्ध वर्षागणिक कमी होत आहेत. जेथें तीं उरलीं असतील तेथें जाऊन मंडळानें तीं वेळींच उतरून घ्यावीं.