ब्रदर लॉरेन्स

(सु. १६१४ – १२ फेब्रुवारी १६९१). फ्रेंच ख्रिस्ती साधक. पॅरिसमधील कार्मेल संघाच्या मठातील स्वयंपाकी. हातातले काम आणि प्रार्थना यांच्यातली भिंत त्यांच्याइतक्या साधेपणाने क्वचितच कुणी पाडली असेल.

मूळ नाव निकोला एर्मां. जन्म लॉरेन प्रांतातील एरिमेनिल या खेड्यात, गरीब घरात. अठराव्या वर्षी हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड दिसले. त्याला लवकरच पालवी फुटेल, मोहोर येईल, या विचाराने ईश्वराच्या सामर्थ्याची जाणीव मनात खोल रुजली, असे ते सांगत. तीस वर्षांच्या युद्धात ते सैनिक होते. तिथे जखमी झाले आणि पाय कायमचा अधू झाला. पुढे काही काळ त्यांनी एका श्रीमंताकडे चाकरी केली. १६४० मध्ये ते पॅरिसच्या मठात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर कष्टाची कामे करणारा बंधू म्हणून.

मठाचे स्वयंपाकघर त्यांच्याकडे आले. हे काम त्यांना मनापासून नावडते होते, आणि ही गोष्ट विसरता कामा नये. एरवी त्यांचा प्रसन्नपणा जन्मजात वाटेल. ते वर्षानुवर्षे रांधत राहिले आणि लहानसहान कामही देवाच्या प्रेमापोटी करण्याचा सराव करत राहिले. प्रार्थनेची घटका आणि भांड्यांच्या खडखडाटातली घटका यांत त्यांना फरक उरला नाही. एकदा मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करायला त्यांना बर्गंडीला धाडले. अधू पायामुळे नावेवर पिंपांचा आधार घेत त्यांना सरकावे लागे. तरी काळजी केली नाही, कारण काम देवाचे होते. पुढे त्यांच्याकडे पादत्राणे दुरुस्त करण्याचे काम आले.

ही स्थिती सहज लाभलेली नव्हती. सुरुवातीची सुमारे दहा वर्षे त्यांना अपराधभावनेने छळले. त्यांच्या शिकवणुकीचा गाभा इथेच आहे : मन भरकटले तर चूक देवापुढे कबूल करावी आणि लगेच पुन्हा त्याच्याकडे वळावे, झालेल्या चुकीवर झुरत बसू नये. कालचा पश्चात्ताप कुरवाळणे आणि उद्याची चिंता करणे या दोहोंत समोरचा क्षण निसटतो. उद्याची काळजी न करण्याची येशूची डोंगरावरील प्रवचनातील आज्ञा (मत्तय, अध्याय ६) त्यांनी अशी चुलीपाशी आचरली. आलेले दुखणेही त्यांनी देवाच्या हातून आलेले म्हणून स्वीकारले.

त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. धर्मगुरू जोसेफ द बोफोर यांनी १६६६ पासून त्यांच्याशी झालेल्या संभाषणांची टिपणे ठेवली आणि लॉरेन्स यांच्या निधनानंतर त्यांची पत्रे, वचने व ही संभाषणे प्रसिद्ध केली. पुढच्या काळात फ्रान्समध्ये शांतिवादाचा (क्वाएटिझम : देवापुढे आत्म्याने पूर्ण निष्क्रिय राहावे ही शिकवण) वाद पेटला आणि तिथे त्यांच्या नावाकडे संशयाने पाहिले गेले. हा संशय अन्यायाचा होता : निष्क्रियता शिकवणारा माणूस इतकी वर्षे चूल सांभाळत नाही. प्रॉटेस्टंट वाचकांनी मात्र त्यांना आपलेसे केले. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनीही हे लेखन आपल्या अनुयायांसाठी प्रसिद्ध केले. ‘द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड’ या इंग्रजी नावाने ते आज जगभर वाचले जाते.